पाथ कुठे अडला हे कसे शोधावे: फाइलच्या नावापासून आयनोडपर्यंत

'परमिशन डिनाइड' असा संदेश आला की अनेक जण पाथच्या, म्हणजे फाइलच्या पत्त्याच्या, शेवटी असलेल्या फाइलला ७७७ (सर्वांना सगळे खुले) परवानगी देऊन मोकळे होतात, आणि 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असा आला की टायपिंगची चूक शोधत त्याच ओळीकडे पाहत बसतात. दोन्ही वेळा लक्ष पाथच्या शेवटाकडे असते. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, मात्र पाथ सुरुवातीपासून एकेक घटक घेत चालतो आणि ज्या घटकापाशी अडेल तिथूनच परत फिरतो. कुठे अडला हे संदेशात नसते. संदेशात पाथ अख्खाच छापलेला असतो. म्हणून काहीही दुरुस्त करण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: चाल कोणत्या घटकापाशी थांबली? कर्नल ज्या क्रमाने काम करतो त्याच क्रमाने तपासणी केली, तर हे उत्तर सहसा काही मिनिटांत मिळते.

पुढील विवेचन लिनक्सला धरून आहे. विंडोज आणि मॅकओएस जिथे वेगळे वागतात तिथे तसे सांगितले आहे. उदाहरणांतील नावे देवनागरीत आहेत आणि लिनक्सला त्यांचे वावडे नाही. नावात स्लॅश आणि शून्य मूल्याचा बाइट एवढे दोनच निषिद्ध आहेत.

## तयारी: तपासणी कोणाच्या नजरेने करायची

एकच पाथ दोन प्रोसेसना, म्हणजे चालू असलेल्या दोन प्रोग्रामना, दोन वेगळ्या ठिकाणी नेऊ शकतो. त्यामुळे आपल्या टर्मिनलमध्ये फाइल उघडते, याचा अर्थ सर्व्हिसलाही (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामलाही) ती उघडता येईल असा होत नाही. हात घालण्यापूर्वी चार गोष्टी लिहून काढाव्यात: अपयशी ठरलेली प्रोसेस कोणत्या युजरच्या नावाने चालते, त्या क्षणी तिची चालू डिरेक्टरी कोणती असते, तिला दिसणारी रूट (सर्वांत वरची) डिरेक्टरी कोणती आहे, आणि तिने कर्नलला दिलेला मजकूर अक्षरशः काय होता.

चालू असलेल्या प्रोसेसबाबत यातील दोन गोष्टी 'प्रॉक' या फाइलप्रणालीत मिळतात. तिथे त्या प्रोसेसच्या क्रमांकाची डिरेक्टरी असते आणि तिच्यात 'सीडब्ल्यूडी' व 'रूट' नावाच्या दोन लिंका असतात. पहिली चालू डिरेक्टरी दाखवते, दुसरी त्या प्रोसेसची रूट. साधने म्हणून 'नेमआय', 'स्टॅट', 'रिअलपाथ', 'फाइंडएमएनटी' आणि 'एसट्रेस' या पाच कमांड हाताशी असाव्यात. पहिल्या चार बहुतेक वितरणांत आधीपासून असतात, 'एसट्रेस' अनेकदा वेगळी घ्यावी लागते.

इशारा: तपासणी 'सुडो' लावून, म्हणजे रूट युजरच्या अधिकाराने, करू नये. रूट या सर्वाधिकारी युजरला परवानग्यांची बहुतेक बंधने लागू होत नाहीत, त्यामुळे जी अडचण शोधायची आहे तीच नाहीशी होते. 'सुडो' वापरायचाच तर सर्व्हिसच्या युजरचे नाव देऊन, त्या युजरच्या भूमिकेत कमांड चालवण्यासाठी वापरावा.

## टप्पा १: कर्नलपर्यंत पोहोचलेला मजकूर पाहा

आपण टाइप करतो तो पाथ आणि कर्नलला मिळतो तो पाथ यांच्यामध्ये शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचणारा प्रोग्राम, उभे असते. '~' या चिन्हाचे होम डिरेक्टरीत रूपांतर करणे, '*' च्या जागी जुळणारी नावे भरणे, डॉलर चिन्हामागील व्हेरिएबलची किंमत घालणे ही सगळी कामे शेलची आहेत, आणि कर्नलला त्यांतले काहीच कळत नाही. '~' त्याच्या लेखी एक साधे अक्षर आहे. म्हणून कॉन्फिगरेशन फाइलमध्ये '~/नोंदी' असे लिहिले आणि तो प्रोग्राम ते स्वतः उलगडत नसेल, तर चालू डिरेक्टरीत खरोखरच '~' नावाची डिरेक्टरी शोधली जाते. प्रोग्राम डिरेक्टऱ्या तयार करणारा असेल, तर ती तयारही होते. अवतरण चिन्हांत ठेवलेले '~' शेलही उलगडत नाही.

इशारा: अशी '~' नावाची डिरेक्टरी चुकून तयार झाली असेल, तर तिला पुसताना नाव कधीही नुसते '~' असे देऊ नये. शेल त्याची होम डिरेक्टरी करील आणि सगळे होम पुसले जाईल. नाव './~' असे द्यावे. हायफनने सुरू होणाऱ्या नावांनाही हाच उपाय लागू पडतो, कारण './' लावल्यावर कमांड त्या नावाला पर्याय समजत नाही.

दुसरा नेहमीचा घोळ न दिसणाऱ्या अक्षरांचा आहे. विंडोजवर लिहिलेल्या यादीतून पाथ वाचला, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी 'कॅरेज रिटर्न' हा बाइट राहतो, आणि 'ताळेबंद' ऐवजी 'ताळेबंद अधिक एक अदृश्य बाइट' अशा नावाची फाइल शोधली जाते. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात.

तपासणी: प्रोग्राम 'एसट्रेस'खाली चालवून फक्त फाइलविषयक कॉल (कर्नलकडे केलेल्या मागण्या) पाहावेत. कर्नलला मिळालेली स्ट्रिंग तिथे अवतरण चिन्हांत दिसते आणि शेवटचा कॅरेज रिटर्नही उघडा पडतो. देवनागरी अक्षरे मात्र तिथे अष्टमान आकड्यांत येतात. प्रत्येक अक्षराचे तीन बाइट असतात आणि ते ३४०, २४४ किंवा ३४०, २४५ असे सुरू होतात. पहिल्यांदा हे गिचमिड वाटते, पण टप्पा ६ मध्ये हेच आकडे उपयोगी पडणार आहेत.

## टप्पा २: चाल कुठून सुरू होते ते ठरवा

पाथ स्लॅशने सुरू होत असेल तर चाल त्या प्रोसेसच्या रूट डिरेक्टरीपासून सुरू होते, एरवी चालू डिरेक्टरीपासून. नियम एवढाच आहे, तरी सापेक्ष, म्हणजे स्लॅशने सुरू न होणाऱ्या, पाथच्या बहुतांश तक्रारी इथेच जन्म घेतात, कारण लिहिणाऱ्याच्या मनात तिसराच आरंभबिंदू असतो: स्क्रिप्टची फाइल जिथे ठेवली आहे ती डिरेक्टरी. कर्नलला स्क्रिप्ट कुठे आहे याच्याशी देणेघेणे नाही. हाताने चालवताना आपण स्क्रिप्टच्याच डिरेक्टरीत उभे असतो म्हणून सगळे सुरळीत चालते. तीच स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या 'क्रॉन'मधून चालली की चालू डिरेक्टरी त्या युजरचे होम असते, आणि सर्व्हिस चालवणाऱ्या 'सिस्टमडी'च्या सिस्टम सर्व्हिसमध्ये 'वर्किंग डिरेक्टरी' दिलेली नसेल तर ती थेट '/' असते. स्क्रिप्टमध्ये एक तर पूर्ण पाथ लिहावेत, नाही तर पहिल्याच ओळींत स्वतःची जागा शोधून तिथे जावे. माझ्या मते दुसरा मार्ग बरा, कारण मग सगळा फोल्डर दुसरीकडे हलवला तरी काही मोडत नाही.

कंटेनरच्या (स्वतःची वेगळी फाइलरचना दिलेल्या बंदिस्त वातावरणाच्या) आत '/' म्हणजे कंटेनरची रूट, यजमान मशीनची नव्हे. लॉगमध्ये दिसलेला '/कोठार/अहवाल' हा पाथ यजमानावर शोधून 'डिरेक्टरी तर आहे' असा निष्कर्ष काढणे निरर्थक आहे.

लागोपाठ आलेले अनेक स्लॅश एकाच स्लॅशसारखे मानले जातात. अगदी सुरुवातीला नेमके दोन स्लॅश आले तर काय करायचे हे पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने प्रत्येक प्रणालीवर सोपवले आहे. लिनक्स त्यांना एकच मानतो. पूर्ण रिकामा पाथ म्हणजे चालू डिरेक्टरी नव्हे. तो दिल्यास 'फाइल नाही' असेच उत्तर येते, आणि व्हेरिएबल रिकामे राहिल्याची ती खूण असते. विंडोजवर 'सी:\अहवाल' आणि 'सी:अहवाल' हे दोन वेगळे पाथ आहेत: पहिला ड्राइव्हच्या रूटपासून, दुसरा त्या ड्राइव्हवरील चालू डिरेक्टरीपासून.

## टप्पा ३: मधले घटक एकेक करून पार करा

डिरेक्टरी म्हणजे नावे आणि आयनोड क्रमांक यांचा तक्ता. आयनोड ही फाइलचे तपशील ठेवणारी नोंद. फाइलचे नाव तिच्या आयनोडमध्ये नसते, ते फक्त या तक्त्यात असते. '/कोठार/अहवाल/मार्च/ताळेबंद' हा पाथ आला की कर्नल रूटच्या तक्त्यात 'कोठार' शोधतो, त्याचा आयनोड उचलतो, तो डिरेक्टरीचा आहे याची खात्री करून घेतो, मग त्या डिरेक्टरीच्या तक्त्यात 'अहवाल' शोधतो, आणि असेच शेवटपर्यंत. ईएक्सटी४ फाइलप्रणालीत रूट डिरेक्टरीचा आयनोड क्रमांक नेहमी २ असतो. 'एलएस'ला 'आय' पर्याय देऊन हे क्रमांक प्रत्यक्ष पाहता येतात.

प्रत्येक पायरीवर कर्नल आधी एक परवानगी तपासतो: ज्या डिरेक्टरीत शोध घ्यायचा आहे तिच्यावर 'एक्स', म्हणजे शोधण्याची परवानगी आहे का. वाचण्याची परवानगी, म्हणजे 'आर', वेगळी आहे; तिच्यामुळे फक्त नावांची यादी मिळते. 'एक्स' आहे पण 'आर' नाही अशा डिरेक्टरीतून ठाऊक असलेल्या नावाची फाइल उघडता येते, यादी मात्र मिळत नाही. उलट 'आर' आहे पण 'एक्स' नाही, तर 'एलएस' नावे दाखवते आणि तपशिलाच्या रकान्यांत प्रश्नचिन्हे भरते. ही प्रश्नचिन्हे दिसली की आधी हेच पाहावे, बहुधा त्या डिरेक्टरीचा 'एक्स' गेलेला असतो.

'नेमआय' कमांड 'एल' पर्यायासह चालवली की पाथचा प्रत्येक घटक स्वतंत्र ओळीत, मालक, गट आणि परवानग्यांसह येतो. समजा 'छपाई' नावाच्या युजरखाली चालणाऱ्या सर्व्हिसला वरील फाइल उघडत नाही, आणि मिळालेल्या ओळींचा सारांश असा आहे (तीन आकडे म्हणजे अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांच्या परवानग्या):

/ : मालक रूट, गट रूट, ७५५
कोठार : मालक रूट, गट रूट, ७५५
अहवाल : मालक लेखा, गट लेखा, ७५०
मार्च : मालक लेखा, गट लेखा, ७५५
ताळेबंद : मालक लेखा, गट लेखा, ६४४

फाइल ६४४ आहे, म्हणजे कोणीही वाचावी अशी. पण 'छपाई' हा युजर 'लेखा' गटात नसेल तर चाल 'अहवाल'च्या दारातच थांबते, कारण ७५० मधील शेवटचे शून्य इतरांना शोधण्याची परवानगी नाकारते. 'ताळेबंद'ला ७७७ दिल्याने यात काहीही बदलणार नाही. इतरांना लिहिता न येणारी फाइल तेवढी लिहिण्यासाठी उघडी पडेल. योग्य उपाय म्हणजे 'छपाई'ला गटात घेणे, किंवा 'अहवाल'वर एसीएल (ठरावीक युजरसाठी वेगळ्या परवानग्यांची यादी) लावून त्या एका युजरला 'एक्स' देणे.

इशारा: युजरला गटात घातल्यावर आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसना ते कळत नाही. सर्व्हिस पुन्हा सुरू करावी, आणि माणूस असेल तर त्याने पुन्हा लॉगिन करावे. 'गटात घातले तरी उघडत नाही' या तक्रारीचे हे सर्वांत साधे कारण आहे.

मालक, गट आणि इतर यांपैकी नेमका एकच वर्ग तपासला जातो. युजर स्वतः मालक असेल तर फक्त मालकाचे तीन बिट पाहिले जातात. तिथे शून्य असेल तर इतरांना सात असूनही मालकाला नकार मिळतो. परवानग्यांची बेरीज होते असे समजून चालणारे इथे हमखास फसतात.

मधला घटक डिरेक्टरी नसून साधी फाइल निघाली तर 'नॉट अ डिरेक्टरी' असा संदेश येतो. हा संदेश त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे, कारण नाव सापडले पण प्रकार चुकला एवढे तरी तो सांगतो.

तपासणी: 'नेमआय' अडचणीत असलेल्या युजरच्या नावाने चालवावी. ज्या ओळीवर ती थांबते त्याच्या *आधीच्या* डिरेक्टरीची परवानगी पाहावी. नाकारलेले नाव आणि नाकारणारी डिरेक्टरी या दोन वेगळ्या ओळी असतात. नेटवर्कवरील एनएफएस माउंट (दुसऱ्या मशीनवरून जोडलेली फाइलप्रणाली) असेल, तर रूट युजरलाही नकार मिळू शकतो, कारण सर्व्हर रूटला सामान्य अनामिक युजर मानण्याची पद्धत रूढ आहे.

## टप्पा ४: सिम्बॉलिक लिंक उलगडा

मधला घटक सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी नोंद) निघाला, की कर्नल लिंकमधला मजकूर वाचतो आणि उरलेला पाथ त्या मजकुरापुढे जोडून चाल पुढे नेतो. तो मजकूर स्लॅशने सुरू होत असेल तर रूटपासून, एरवी *ज्या डिरेक्टरीत लिंक ठेवलेली आहे* तिथपासून. लिंक तयार करताना आपण कुठे उभे होतो याला काही महत्त्व नाही. 'एलएन' कमांडला सापेक्ष लक्ष्य देताना आपल्या चालू डिरेक्टरीच्या हिशोबाने पाथ लिहिणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. कमांड काहीच तक्रार करत नाही, कारण लक्ष्य अस्तित्वात आहे की नाही हे ती पाहतच नाही, आणि तयार होते ती तुटकी लिंक. 'एलएस' तिचे नाव दाखवते, उघडायला गेले की 'नो सच फाइल' येते, आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

एका पाथच्या उलगड्यात लिनक्स एकूण ४० लिंकांपर्यंत जातो. त्यापुढे 'टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स' असा संदेश येतो. प्रत्यक्षात याचा अर्थ बहुधा वर्तुळ असा असतो: लिंक फिरून स्वतःकडेच येते.

लिनक्समध्ये लिंकवर दिसणारी ७७७ परवानगी चाल ठरवताना पाहिली जात नाही. महत्त्व लक्ष्याच्या पाथवरील डिरेक्टऱ्यांना आहे, आणि त्या टप्पा ३ प्रमाणे पुन्हा तपासाव्या लागतात. '/टेम्प'सारख्या सर्वांना लिहिता येणाऱ्या व स्टिकी बिट (दुसऱ्याची फाइल पुसू न देणारी खूण) असलेल्या डिरेक्टरीत मात्र एक जादा नियम लागू शकतो. लिंकांच्या संरक्षणाची सेटिंग चालू असेल, तर दुसऱ्या युजरने तिथे ठेवलेल्या लिंकमागे कर्नल जात नाही आणि 'परमिशन डिनाइड' म्हणतो. डिरेक्टरीचा मालक आणि लिंकचा मालक एकच असेल तेवढाच अपवाद. परवानग्या सगळ्या बरोबर दिसत असताना येणाऱ्या नकाराचे हे एक कारण असते.

## टप्पा ५: दोन टिंबे आणि माउंट

'..' हा मजकूर पुसण्याचा इशारा नाही. तो इतरांसारखाच एक घटक आहे आणि कर्नल त्याला चालीच्या त्या क्षणी असलेल्या डिरेक्टरीची पालक डिरेक्टरी मानतो. समजा '/काम/चालू' ही लिंक '/कोठार/प्रकल्प/दुसरा' कडे नेते. आता '/काम/चालू/../नोंदी' हा पाथ कागदावर छाटला तर '/काम/नोंदी' मिळतो, पण कर्नल पोहोचतो '/कोठार/प्रकल्प/नोंदी' इथे. गोंधळ वाढतो तो शेलमुळे: 'सीडी' कमांड डीफॉल्ट पद्धतीने कागदी हिशोबच करते, त्यामुळे 'सीडी चालू' आणि मग 'सीडी ..' केल्यावर आपण '/काम' मध्ये परततो, आणि 'चालू'मध्ये असतानाच 'एलएस ..' केले तर 'प्रकल्प'ची यादी दिसते. दोन्ही कमांड आपापल्या नियमाने बरोबर आहेत.

तपासणी: 'पीडब्ल्यूडी' कमांड मोठ्या 'पी' पर्यायासह चालवल्यास लिंका उलगडून खरी जागा मिळते. कोणताही पाथ कागदी पद्धतीने छाटण्याऐवजी 'रिअलपाथ'कडून उलगडून घ्यावा.

रूटच्या वर काही नाही, तिथे '..' म्हणजे रूटच.

एखाद्या डिरेक्टरीवर दुसरी फाइलप्रणाली माउंट झाली, म्हणजे जोडली गेली, की चाल तिथून नव्या फाइलप्रणालीच्या रूटमध्ये शिरते आणि डिरेक्टरीतील मूळ फाइल झाकल्या जातात. त्या पुसल्या गेलेल्या नसतात. बॅकअपची डिस्क माउंट झालेली नसताना प्रोग्राम चालला, तर तो त्याच नावाच्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे मुख्य डिस्कवर, आनंदाने लिहीत राहतो. नंतर डिस्क माउंट झाली की त्या फाइल दिसेनाशा होतात आणि मुख्य डिस्कवरील भरलेली जागा कशाने भरली हे सापडत नाही. रूट फाइलप्रणाली बाइंड माउंट करून, म्हणजे तीच दुसऱ्या जागीही जोडून, पाहिली तर झाकलेला भाग दिसतो. पाथ कोणत्या फाइलप्रणालीवर पडतो हे 'फाइंडएमएनटी' मोठ्या 'टी' पर्यायासह सांगते.

## टप्पा ६: नाव दिसते पण जुळत नाही

सर्वसाधारण लिनक्स फाइलप्रणाली नावांची तुलना बाइटनुसार करते. अक्षरे, भाषा, मोठी-लहान लिपी यांचा विचार होत नाही. रोमन लिपीतील नावात पहिले अक्षर मोठे की लहान एवढ्याने दोन वेगळ्या फाइल होतात. विंडोजवर, आणि मॅकओएसच्या डीफॉल्ट मांडणीत, त्या एकच ठरतात. विंडोजवर व्यवस्थित चाललेला प्रकल्प लिनक्स सर्व्हरवर नेला की अर्धी चित्रे दिसेनाशी होतात ती यामुळे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे या चुकीतून आपण सुटतो, पण आपल्या वाट्याला एक वेगळी चूक येते.

'दुसऱ्या' हा शब्द नावात आहे असे समजा. त्यातील 'ऱ' युनिकोडमध्ये ०९३१ या एका संकेताने लिहिता येतो, किंवा साधा 'र' आणि त्यापुढे नुक्ता अशा दोन संकेतांनी. पहिल्या प्रकारात शब्दाचे ७ संकेत म्हणजे २१ बाइट होतात, दुसऱ्यात ८ संकेत म्हणजे २४. काही कीबोर्ड तिसराच मार्ग घेतात: साधा 'र', हलन्त आणि अदृश्य 'झिरो विड्थ जॉइनर'. त्याचेही २४ बाइट होतात, पण वेगळे. तिन्ही प्रकार स्क्रीनवर हुबेहूब सारखे दिसतात, आणि एकाच डिरेक्टरीत तिन्ही फाइल शेजारी शेजारी नांदू शकतात. 'एसट्रेस'च्या आकड्यांत पाहिले तर एकसंध 'ऱ' ३४०, २४४, २६१ असा दिसतो. सुट्या रूपात ३४०, २४४, २६० नंतर नुक्त्याचे ३४०, २४४, २७४ येतात.

युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण पहिले दोन प्रकार एकरूप करते. जॉइनरचा प्रकार त्याच्या कक्षेत येत नाही, तो हाताने बदलावा लागतो. जुन्या फाइलींच्या नावांसाठी 'कन्व्हएमव्ही' हे साधन आहे. ते मुळात फक्त काय बदलेल एवढे दाखवते आणि स्पष्ट सांगितल्याशिवाय काही बदलत नाही, ही त्याची चांगली सवय. नवा प्रोग्राम लिहीत असाल तर युजरकडून आलेले नाव साठवण्यापूर्वी सामान्य करून घ्यावे.

तपासणी: 'एलएस'ची यादी 'ओडी' कमांडमधून पाहिली की बाइट समोर येतात. नाव कोणत्याही प्रकारे टाइप होत नसेल तर आयनोड क्रमांक घेऊन 'फाइंड'ला तो द्यावा आणि तिच्याकडूनच नाव बदलून घ्यावे.

लांबीची मर्यादाही बाइटमध्ये आहे. लिनक्सच्या प्रचलित फाइलप्रणालींत एका नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीत ही फक्त ८५ संकेतांची जागा होते, आणि काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी एक संकेत खातात. संपूर्ण पाथची मर्यादा शेवटच्या शून्य बाइटसह ४०९६ बाइट आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ च आहे, पण ती यूटीएफ-१६ च्या एककांत मोजली जाते. म्हणून तिथे बसणारे लांबलचक मराठी नाव लिनक्सवर 'फाइल नेम टू लाँग' म्हणून नाकारले जाते. उलट दिशेने जाताना विंडोजची २६० अक्षरांची जुनी पाथमर्यादा, ':' व '?' सारखी निषिद्ध चिन्हे, 'कॉन' व 'एनयूएल' सारखी राखीव नावे आणि नावाच्या शेवटचे टिंब किंवा मोकळी जागा गाळण्याची सवय आडवी येते.

## टप्पा ७: शेवटचा घटक वेगळा असतो

मधले घटक अस्तित्वात असावेच लागतात. शेवटचा नसला तरी चालतो, कारण तो तयार करायचा असू शकतो. इथे कोणते काम मागितले आहे यावर नियम बदलतात.

नवी फाइल तयार करणे, पुसणे आणि नाव बदलणे ही डिरेक्टरीच्या तक्त्यातील नोंदीची कामे आहेत. म्हणून लिहिण्याची आणि शोधण्याची परवानगी पालक डिरेक्टरीवर लागते, फाइलवर नव्हे. फक्त वाचता येणारी फाइल पुसली गेली म्हणून आश्चर्य करू नये. डिरेक्टरी लिहिता येण्याजोगी होती. स्टिकी बिट असेल तर मात्र फाइलचा किंवा डिरेक्टरीचा मालक असणेही लागते.

शेवटचा घटक लिंक असेल तर उघडणे आणि परवानगी बदलणे ही कामे लक्ष्यावर होतात, पुसणे आणि नाव बदलणे लिंकवरच. तयार करण्याची मुभा देऊन तुटकी लिंक उघडली, तर लक्ष्याच्या जागी नवी फाइल जन्माला येते, भलत्याच डिरेक्टरीत. पाथच्या शेवटी स्लॅश लावला की शेवटचा घटक डिरेक्टरी असलाच पाहिजे असे होते आणि लिंक उलगडली जाते. फाइलींची नक्कल करणारी 'आरसिंक' मूळ पाथच्या शेवटच्या स्लॅशला जो वेगळा अर्थ देते तो तिचा स्वतःचा आहे, कर्नलचा नाही.

फाइल एकदा उघडली की पाथचे काम संपते. त्यानंतर नाव बदलले किंवा पुसले तरी उघडलेली प्रोसेस त्याच आयनोडवर लिहीत राहते. लॉगची फाइल बाजूला सारून त्याच नावाची नवी रिकामी फाइल ठेवली आणि ती रिकामीच राहिली, तर प्रोग्रामला लॉग पुन्हा उघडण्याचा संकेत पाठवलेला नाही.

इशारा: स्क्रिप्ट समोर दिसते, परवानग्या ठीक आहेत, तरी चालवताना 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येत असेल तर हरवलेली फाइल ती नव्हे. पहिल्या ओळीत '#!' पुढे लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) सापडलेला नसतो. ओळीअखेरच्या कॅरेज रिटर्नमुळे कर्नल 'बॅश'ऐवजी 'बॅश अधिक अदृश्य बाइट' शोधतो. ओळींचे शेवट युनिक्स पद्धतीचे करून घेतले की प्रश्न मिटतो.

## टप्पा ८: प्रोग्राममध्ये बाहेरून आलेला पाथ वापरताना

बाहेरून आलेले नाव ठरलेल्या डिरेक्टरीच्या बाहेर जाऊ नये, एवढी साधी गरज असते, आणि तिची अंमलबजावणी बहुधा चुकीच्या क्रमाने होते. '..' शोधून पुसणे हा उपाय नव्हे, '....//' मधून '../' एकदा पुसले की उरते ते पुन्हा '../' च. एन्कोड केलेला मजकूर तपासून मग डीकोड करणे हीही तीच चूक. आधी एकदाच डीकोड करावे, मग पाथ लिंकांसकट उलगडावा, आणि मिळालेला निकाल तपासावा.

निकाल तपासताना '/कोठार/आवक' ने सुरू होतो का, एवढेच पाहिले तर '/कोठार/आवक-जुनी' सुद्धा पास होते. तुलना शेवटच्या स्लॅशसह करावी, किंवा घटक घटक करून.

एवढे करूनही तपासणी आणि उघडणे यांच्या मधल्या क्षणात कोणी घटकाच्या जागी लिंक ठेवू शकतो. त्या डिरेक्टरीत अनोळखी युजरना किंवा अर्काइव्ह उलगडणाऱ्या प्रोग्रामला लिहिता येत असेल, तर ही शंका पुस्तकी राहत नाही. अशा ठिकाणी आधी डिरेक्टरी उघडून तिचा डिस्क्रिप्टर (उघडल्यावर कर्नलने दिलेला क्रमांक) धरून ठेवावा आणि पुढचे सारे 'ओपनअ‍ॅट'ने त्या डिस्क्रिप्टरपासून उघडावे. लिनक्स ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, 'ओपनअ‍ॅट२' हा कॉल उपलब्ध आहे. त्याला 'रिझॉल्व्ह बिनीथ' हा ध्वज दिला की चाल त्या डिरेक्टरीच्या बाहेर जाऊ लागताच कर्नल स्वतःच ती तोडतो, मग बाहेर नेणारे '..' असो, पूर्ण पाथ असो की लिंक. तपासणी आणि उघडणे एकाच कॉलमध्ये होत असल्याने मधला क्षणच उरत नाही. तात्पुरती फाइल तयार करताना 'आधीपासून असेल तर अपयशी हो' असा 'एक्सक्ल' ध्वज द्यावा. त्या नावाची लिंक कोणी आधीच पेरून ठेवली असेल तर, ती तुटकी असली तरी, कॉल नकार देतो.